रतामाच्या झाडाखालीं



ख्रिस्ती मंडळीच्या पाळकाचें घर हें सर्वांचें हक्काचें ठिकाण असतें. कोणाच्या घरीं मृत्यु येतो, कोणाच्या संसारांत बेबनाव होतो, कोणाच्या मुलाची फी थकते. पहिली थाप पडते ती पाळकाच्या दारावर. तें दार उघडणारा माणूसहि थकत असेल, हा विचार मात्र थाप मारणाऱ्याच्या मनांत क्वचितच येतो. त्या थकलेल्या माणसाविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें.

हा थकवा एका रात्रीच्या झोपेनें जाणारा नव्हे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनीं १९७४ सालीं सेवाकार्यांत राबणाऱ्यांच्या या अवस्थेचें वर्णन केलें व तिला जळून संपण्याची उपमा दिली. पुढें १९८१ सालीं क्रिस्टिना मॅस्लॅक व सुसान जॅक्सन यांनीं ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तींत तीन लक्षणें धरलीं आहेत : मनाची शक्ति आटणें, माणसांविषयीं कोरडेपणा येणें, आणि आपल्या हातून कांहीं होत नाहीं असें वाटणें. यांतील दुसऱ्या लक्षणाची पाळकाला लाज वाटते, म्हणून तो तें लपवितो.

मींहि तें लपविलें आहे. एका रविवारीं प्रीतीवर उपदेश करीत असतां समोरच्या बांकांवरील माणसें मला नकोशीं वाटूं लागलीं. कोणीं वर्गणी चुकविली, कोणीं पंचांच्या बैठकींत आवाज चढविला, याचाच हिशेब मनांत चालला होता. उपासना संपल्यावर दारांत उभें राहून मीं सर्वांशीं हसून हस्तांदोलन केलें, आणि घरीं येऊन आंतून कडी लावली. मंडळीची काळजी वाहणारा आपण एकटेच उरलों, अशी माझी खात्री होऊन बसली होती.

हेंच वाक्य फार पूर्वीं एलीया संदेष्टा बोलला होता. पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांत ती कथा आहे. कर्मेल डोंगरावर त्याचा मोठा विजय झाला. आणि लागलीच ईजबेल राणीच्या धमकीनें तो पळत सुटला. बैर-शेबा येथें त्यानें आपल्या सेवकाला मागें ठेवलें, एकटाच रानांत एक दिवसाची वाट चालून गेला, आणि रतामाच्या झाडाखालीं बसून त्यानें मरण मागितलें. सेवकाला मागें ठेवल्याची गोष्ट वाचतांना आपण सहज ओलांडून जातों. परंतु मला वाटतें, त्याचें खरें संकट तेथेंच वाढलें. थकलेला मनुष्य सोबत्याला प्रथम दूर करतो, आणि मग आपण एकटे आहों असें म्हणतो.

आतां देवानें काय केलें तें पहा. त्यानें एलीयाला दोष दिला नाहीं. आधीं झोंप दिली, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिलें, आणि तेंहि दोन वेळां. मग होरेब डोंगरापर्यंत चालविलें व त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें. तेंहि दोन वेळां. त्यानंतर हिशेब दुरुस्त केला : इस्राएलांत बआलापुढें गुडघे न टेकलेले सात हजार शिल्लक आहेत. आणि शेवटीं अलीशा हा सोबती दिला.

माझ्याहि दाराची कडी एका वृद्ध पाळकांनीं वाजविली. माझें सारें रडगाणें ऐकून ते एवढेंच म्हणाले, "पाळकसाहेब, आधीं जेवूं या." जेवण झाल्यावर त्यांनीं मला आमच्याच मंडळींतील एका विधवा बाईच्या घरीं नेलें. ती बाई रोज पहांटे माझें नांव घेऊन प्रार्थना करीत होती, आणि मला त्याची गंधवार्ताहि नव्हती. माझा हिशेब चुकला होता तो असा.

म्हणून माझ्या पाळकबंधूंना व भगिनींना माझी विनंति आहे कीं, आठवड्यांतून एक दिवस खरोखर विसांवा घ्या. महिन्यांतून एकदां अशा दोघां-तिघांत बसा कीं, जेथें तुम्ही कोणाचे पाळक नाहीं. मोशेच्या सासऱ्यानें, इथ्रोनें, त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसें नेमावयास सांगितलें. तसें कांहीं ओझें पंचांच्या खांद्यावर द्या. मन फारच काळवंडलें तर वैद्याकडे जाण्यांत अविश्वास मानूं नका. एलीयाच्या उपचाराचा आरंभहि झोंपेनें व अन्नानें झाला.

आणि मंडळींतील श्रोत्यांनो, येत्या रविवारीं पाळकाशीं हस्तांदोलन कराल, तेव्हां क्षणभर थांबून त्याला विचारा, "तुम्ही कसे आहां?" आणि तो उत्तर देईपर्यंत हात सोडूं नका.