जार पडायची वाट कशाला?

आमच्या मंठ्याकडं गाय व्याली की जार पडेपर्यंत बरेच जण वासराला चीक पाजत नाहीत. आज त्यावरच बोलतो.

बाईची वार थाळीसारखी, आईच्या रक्तातच बुडालेली. म्हणून बाळाला पोटातच आईची प्रतिपिंडं मिळतात. गाईचं वेगळं. गर्भ महिनाभराचा झाला की जार गर्भाशयाला जागोजागी चिकटू लागतो, बटणं लावावीत तसा. पुढं ७० ते १२० गाठी होतात. त्यातून अन्न, प्राणवायू पोचतो. पण मधले पडदे जास्त, प्रतिपिंडं अडतात. म्हणजे वासराची सगळी भिस्त चिकावर! आणि आतडी ती प्रतिपिंडं जेमतेम २४ तास शोषतात, तीही तासातासाला कमी. जार पडायला कधी बारा तास लागतात. तोवर थांबायचं? मी तर म्हणतो, पहिल्या दोन तासांतच पाजा. वासरू आचळाला लागलं की गर्भाशय आकुंचन पावतं, जार सुटायलाही मदतच होते.