अर्धकथानक : आयुष्याच्या मध्यावर लिहिलेली जमाखर्चाची वही



सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा मंगल प्रसंग होय. संस्थेचा इतिहास स्मरणिकेत ग्रथित होतो. घराघरांतील माणसांचा इतिहास मात्र बहुधा त्यांच्याबरोबरच लोपतो. या प्रसंगी कविवर बनारसीदास यांच्या ‘अर्धकथानक’ या ग्रंथाचे स्मरण उचित ठरेल.

बनारसीदासांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ कुळातील एका व्यापारी घराण्यात झाला. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आग्रा येथे त्यांनी आपले जीवनवृत्त पद्यात लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यांनी आपल्या कथेला ‘अर्धी’ म्हटले. भारतीय भाषांतील आद्य आत्मचरित्रांत या ग्रंथाची गणना होते.

त्या काळी चरित्रे लिहिली जात ती राजांची आणि धर्मपुरुषांची. बनारसीदास राजे नव्हते, मुनीही नव्हते. ते संसारात गुरफटलेले श्रावक होते. शृंगाररसात रमून रचलेले आपले काव्य त्यांनी स्वतःच्या हातांनी गोमतीच्या प्रवाहात सोडले. रोज एक दीनार मिळेल या आशेने एका संन्याशाने दिलेला मंत्र वर्षभर जपला आणि शेवटी फसवणूक पदरी पडली. आग्र्यात व्यापार बुडाला, तेव्हा एका कचोरीवाल्याने कित्येक महिने उधारीवर त्यांची क्षुधा भागवली. त्यांचे तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली; एकही वाचले नाही. हे सारे त्यांनी जसे घडले तसे नोंदवले.

ग्रंथाच्या अखेरीस तर त्यांनी आपले गुण आणि दोष दोन्ही मांडले आहेत. क्षमाशीलता व संतोष सांगताना धनाचा लोभही लपवला नाही. व्यापाऱ्याच्या वहीत केवळ जमेची बाजू लिहून चालत नाही. नावेची बाजूही लिहावी लागते, तेव्हाच ताळा जुळतो. आलोचनेचे, म्हणजे स्वदोष प्रकट करण्याचे, महत्त्व जाणणाऱ्या समाजाला याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

उरलेली अर्धी कथा मात्र लिहिली गेली नाही. १६४३ च्या सुमारास त्यांचे देहावसान झाले असावे, असे अभ्यासक मानतात. पंचावन्नाव्या वर्षी ‘पुढे सवडीने पाहू’ म्हणून लेखणी खाली ठेवली असती, तर जे हाती आले तेही आले नसते. पुढे पं. नाथूराम प्रेमी यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९४३ मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झाला आणि तीन शतकांपूर्वीच्या एका श्रावकाचे घर अभ्यासकांपुढे पुन्हा उघडले.

पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक श्रावक-श्राविकेने एक वही हाती घ्यावी. वडिलांनी दुकान कसे उभारले, कोणत्या साली ते बुडता बुडता वाचले, संकटात कोणी उधार दिले, आपले कोठे चुकले, हे साध्या शब्दांत लिहावे. भाषा अलंकृत नसली तरी चालेल. नोंद खरी असावी. पुढील पिढीस मालमत्तेसोबत ही वहीही मिळावी, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!