आधी पावती, मग पैसे

(कुंभकोणम येथील सभेत मराठी सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून पेन्शन, रिक्त जागा, खासगीकरण यांवर पुष्कळ बोलणे झाले. आम्ही एका लहान दिसणाऱ्या प्रश्नावर बोलणार आहोत. स्टेशनबाहेरच्या वाहनतळावर, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत स्टँडवर, ठेकेदार जी वसुली करतो त्यावर. रक्कम कधी दहा-वीस रुपयांची, कधी पाचशेची. एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडत बसणार, असे प्रत्येकाला वाटते. ठेकेदाराचा सगळा धंदा आपल्या या वाटण्यावरच चालतो.

कुंभकोणमला हा विषय काढण्यास कारण आहे. येथे दर १२ वर्षांनी महामहम भरते. मागचे २०१६ साली झाले, पुढचे २०२८ साली येत आहे. पंढरपूरच्या आषाढीत जे होते तेच येथेही होते. माणसांचा लोंढा येतो, वाहने येतात, आणि जिथे मोकळी जागा तिथे दोरी बांधून वसुली सुरू होते. गर्दीत गाडी चुकेल या घाईने माणूस मागेल तेवढे देऊन मोकळा होतो. म्हणून जी तयारी करायची ती आधी करावी लागेल.

आमच्याकडे घडलेली एक गोष्ट सांगतो. स्टेशनचे व ठेकेदाराचे नाव घेत नाही. आमचा एक ट्रॅकमन सभासद रात्रपाळीला जाताना मोटारसायकल स्टँडवर लावून गेला. सेक्शनमध्ये काम लांबले आणि तो परतला तिसऱ्या दिवशी. टोकन खिशातून कुठेतरी खडीत पडले होते. स्टँडवाल्याने सांगितले, टोकन हरवले, पाचशे रुपये दंड. दंडाचा फलक कुठे आहे, असे याने विचारले नाही. दोन रात्री झोप नव्हती. पाचशे मोजले आणि घरी गेला. आठ दिवसांनी युनियन ऑफिसात आला. आम्ही विचारले, पावती कुठे आहे? पावती नव्हती. टोकनही नव्हते. आम्ही ठेकेदाराकडे गेलो, त्याने असे काही घडलेच नाही म्हणून हात झटकले. इतकी वर्षे युनियनचे काम करूनही आम्हाला त्या माणसाचे पाचशे रुपये परत मिळवून देता आले नाहीत. ती गोष्ट आम्हाला लागली, आणि मग आम्ही या विषयाचे कागद काढून वाचले. आम्ही वकील नाही, मॅट्रिकपर्यंत शिकलेले लोक आहोत. जे समजले ते सांगतो.

पहिली गोष्ट, ही वसुली येते कुठून? स्टेशनवरील वाहनतळाची जागा रेल्वेची असते. मंडलाचे वाणिज्य खाते ती ठेक्याने देते. २०२२ पासून हे ठेके ऑनलाइन लिलावाने देण्याची पद्धत आली आहे. ज्याची बोली मोठी, त्याला मक्ता. बोली मोठी लावली की ती रक्कम रेल्वेला भरावी लागते, आणि ती काढायची कुठून? फाटकावर उभ्या माणसाच्या खिशातून. म्हणून मंजूर दरापेक्षा जास्त मागण्याचा मोह ठेक्याच्या रचनेतच आहे. परंतु मोह झाला म्हणून अधिकार मिळत नाही. त्याने घ्यायचा तो करारातला दर, स्वतःच्या मनातला नव्हे.

दुसरी गोष्ट, दंड आणि शुल्क यांतला फरक. दंड करण्याचा अधिकार कायद्याने ज्याला दिला त्यालाच असतो. ठेकेदार हा पोलिस नव्हे, मॅजिस्ट्रेटही नव्हे. तो जागा वापरायला देतो आणि तुम्ही मोबदला देता, एवढाच हा व्यवहार. या व्यवहाराला १८७२ चा करार कायदा लागू आहे. त्याचे कलम ७४ सांगते की करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम आधी ठरवलेली असली, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. टोकन हरवले तर ठेकेदाराने आर.सी. बुक आणि लायसन्स पाहावे, वहीत सही घ्यावी. हे त्याने केलेच पाहिजे, नाहीतर उद्या चोरही टोकन हरवले म्हणून तुमची गाडी घेऊन जाईल. पण त्यासाठी पाचशे रुपये कशाची भरपाई?

यावर कोणी म्हणेल, परदेशात तर खासगी कंपन्या सर्रास असे आकारतात. खरे आहे. इंग्लंडमध्ये अशा कंपनीने जास्त वेळ गाडी ठेवल्याबद्दल ८५ पौंड मागितले आणि २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. पण तेथे जागोजागी मोठ्या अक्षरांत ठळक फलक होते, आणि त्या गोष्टीला न्यायालयाने महत्त्व दिले. त्याच इंग्लंडमध्ये खासगी जागेत चाकाला जॅमर लावण्यास २०१२ पासून बंदी आहे. तेव्हा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. फलक नाही, अट सांगितलेली नाही, तर करार कशाचा?

तिसरी गोष्ट, पावतीच्या मागे छापलेले वाक्य. ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर.’ आपण ते वाचतो आणि मान खाली घालतो. दिल्लीच्या एका हॉटेलात चावी हॉटेलच्या माणसाकडे दिलेली गाडी १९९८ साली चोरीला गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की गाडी ताब्यात घेतल्यावर निष्काळजीपणा झाला, तर असे वाक्य छापून हॉटेलला सुटता येणार नाही. प्रत्येक स्टँडला हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असे आम्ही म्हणत नाही. चावी दिली होती की नुसती जागा वापरली, यावर पुष्कळ अवलंबून राहील. परंतु छापले म्हणजे संपले, असे नाही, हे नक्की.

आता करायचे काय? पैसे देण्याआधी पावती मागा. येथे तमिळ येत नाही म्हणून गप्प बसू नका. ‘रसीदु कुडुंग’ एवढे म्हणा. आपली रसीद आणि त्यांची रसीदु एकच आहे. पावतीवर तारीख, वेळ, रक्कम आणि ठेकेदाराचे नाव पाहा. दरफलकाचा फोटो घ्या. फलक नसेल तर फलक नसलेल्या फाटकाचा फोटो घ्या, तोही पुरावाच आहे. जास्त पैसे द्यावेच लागले तर पावतीवर ‘हरकत नोंदवून दिले’ असे लिहा आणि त्याच दिवशी स्टेशन मास्तरांकडे लेखी तक्रार करा. १३९ वर किंवा रेल मदद वर नोंदवून क्रमांक लिहून ठेवा. मंजूर दर कोणता, ठेक्याच्या अटी कोणत्या, हे माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मंडलाकडे विचारा. कुंभकोणमसाठी तिरुचिरापल्ली मंडल. उत्तराची साधारण मुदत ३० दिवसांची आहे.

तेवढ्याने भागले नाही तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पावती न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची. आणि आपल्यासारख्या बदलीच्या व प्रवासाच्या नोकरीवाल्यांना सोयीची गोष्ट अशी की तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात करता येते. वसुली कुंभकोणमला झाली तरी तक्रार मिरजेच्या माणसाला सांगलीत देता येईल. त्यासाठी तंजावरला खेटे घालायला नकोत. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

हे केल्याने उपयोग होतो का? आमचा दुसरा एक सभासद, गेटमन, त्याच स्टँडवर अडकला. त्याने पावती घेतली, फलकाचा फोटो घेतला आणि स्टेशन मास्तरांकडे लेखी दिले. त्याचे जास्तीचे पैसे परत मिळाले. रक्कम लहान होती, पण दुसऱ्याच आठवड्यात स्टँडवर नवा दरफलक लागला.

बंधूंनो, शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. पैसे परत आणायला आम्ही गेलो तेव्हा फाटकावर वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा होता. आमचे लोक त्याच्यावर ओरडत होते. तो हळूच म्हणाला, साहेब, रोज ठरलेली रक्कम मालकाला द्यावी लागते. कमी पडली तर माझ्या पगारातून कापतात. ड्यूटी बारा तासांची. नेमणुकीचा कागद नाही. आमच्या मागे उभे असलेले सगळे गप्प झाले.

आपला वाद त्या पोराशी नाही. त्याची कॉलर धरून पाचशे रुपये परत आले, तर ते त्याच्याच पगारातून आलेले असतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतील अनेक तरतुदींना आपला विरोध आहे आणि राहील. पण नेमणूकपत्र आणि किमान वेतन हे त्या पोराचेही हक्क आहेत. ते मागायला त्याच्या बाजूने कोण उभे राहणार? आपण आपल्या पावतीसाठी तक्रार लिहू, तेव्हा त्याच कागदाखाली त्याच्या नेमणूकपत्राचीही मागणी लिहू.

आणि हेही सांगतो, वाजवी शुल्क बुडवणे हा आपला कार्यक्रम नाही. फलकावर लिहिलेला मंजूर दर भरायचा, रात्रीचा वेगळा दर मंजूर असेल तर तोही भरायचा. कोल्हापूरकर टोलविरुद्ध उठले तेव्हा प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे पुढे होती, आणि २०१५ साली सरकारला तो टोल रद्द करण्याचा निर्णय घ्यावा लागला. ते एकट्यादुकट्याच्या भांडणाने झाले नव्हते.

म्हणून प्रत्येक शाखेला आमची विनंती आहे. आपल्या स्टेशनच्या ठेक्याचा मंजूर दर माहितीच्या अधिकारात मिळवा आणि युनियनच्या फलकावर लावा. ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्यांच्या वाहनांसाठी वेगळी जागा द्यावी, असे निवेदन मंडलाला द्या. तक्रारींच्या पावत्या एका फाइलीत जमा करा. एका पावतीला अधिकारी बाजूला सारतील. शंभर पावत्या टेबलावर ठेवल्या तर उत्तर द्यावे लागेल.

त्या ट्रॅकमनला आम्ही पाचशे रुपये मिळवून देऊ शकलो नाही. तुमच्या शाखेतल्या माणसाच्या बाबतीत तसे होऊ देऊ नका.