मानवाधिकार कायद्याचा अभ्यास : मार्सेल्स ते नाशिकरोड

(नाशिक येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



मानवाधिकार हा शब्द उच्चारला की परदेशातील परिषदा आणि जाडजूड अहवाल डोळ्यांपुढे येतात. वास्तविक या कायद्याचे पहिले पाठ नाशिकच्या इतिहासातच सापडतात.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची येथील विजयानंद नाट्यगृहात हत्या झाली. त्या प्रकरणातील आरोपी म्हणून भगूरचे सुपुत्र विनायक दामोदर सावरकर यांना इंग्लंडहून आणले जात होते. ८ जुलै १९१० रोजी मार्सेल्स बंदरात त्यांनी ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी घेतली. फ्रेंच भूमीवर पोहोचलेल्या या बंदिवानाला तेथील शिपायाने पकडून ब्रिटिशांच्या हवाली केले. वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा आला : हवाली करण्यात अनियमितता घडली, परंतु तेवढ्यावरून कैदी फ्रान्सला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही.

वाद सावरकरांविषयीचा, पण पक्षकार मात्र दोन सरकारे! ज्याचे आयुष्य पणाला लागले होते, त्याला तेथे पक्षकाराचे स्थानच नव्हते. निवाड्यापूर्वीच मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा सुनावल्या गेल्या होत्या. आंतरराष्ट्रीय कायद्यातील ही पोकळी भरण्याचा मोठा प्रयत्न १० डिसेंबर १९४८ च्या वैश्विक जाहीरनाम्याने केला. छळापासून बचावासाठी अन्य देशात आश्रय मागण्याचा अधिकार त्याच्या चौदाव्या कलमात आला. १९५० मध्ये आपल्या राज्यघटनेच्या ३२ व्या कलमाने मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला केला.

या कायद्याचा अभ्यास कसा करावा? पहिला नियम, मूळ संहिता वाचावी. हेगचा निवाडा मोजक्या पानांचा असून संयुक्त राष्ट्रांनी प्रकाशित केलेल्या लवाद-निवाड्यांच्या अकराव्या खंडात तो मिळतो. ऐकीव कथा आणि निवाड्यातील शब्द ताडून पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

दुसरा नियम, निर्णय आज ग्राह्य आहे का, हे तपासावे. आणीबाणीत नाशिकरोड कारागृहात ‘मिसा’खाली अनेक जण स्थानबद्ध होते. स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते, असे नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी मानले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो मार्ग बंद केला. विरोधी मत न्या. हंसराज खन्ना यांचे होते. येथेच थांबणारा अभ्यासक फसेल. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही २० व २१ या कलमांची अंमलबजावणी स्थगित करता येत नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाच्या खटल्यात १९७६ चा तो निर्णय रद्दबातल ठरविला.

तिसरा नियम, आंतरराष्ट्रीय करार आणि देशांतर्गत कायदा यांची सांगड पाहावी. नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमाने जीवित, स्वातंत्र्य, समता व प्रतिष्ठा यांच्याशी निगडित हक्कांची व्याख्या केली. मात्र ते भारतीय न्यायालयांत अंमलात आणता येण्याजोगे असले पाहिजेत. आयोगाकडे तक्रार करावयाची तर प्रसंग घडल्यापासून एक वर्षाची मर्यादा आहे. ती न पाळल्यास न्याय्य तक्रारही वाया जाते.

एक गोष्ट विसरता कामा नये. हक्क केवळ सरकारच हिरावते असे नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालूनही मंदिराचे द्वार उघडले नाही. ते द्वार परक्या सत्तेने नव्हे, आपल्याच समाजाने बंद ठेवले होते. घटनेचे सतरावे कलम वाचताना नाशिककराने हे प्रांजळपणे आठवावे. आपल्यावरील अन्यायाइतकेच आपल्या हातून घडलेल्या अन्यायाचे कागद जो उघडतो, त्याचाच अभ्यास विश्वासार्ह ठरतो.