पत्र आले का, हे किती वेळा विचारावे?



चाळीसगाव हे जंक्शन. इथून धुळ्याला फाटा जातो आणि मुंबईहून निघालेली पंजाब मेल इथे थांबते. आमच्या गावचे छायाचित्रकार केकी मूस 1989 साली वारले. अनेक दशके ते घराबाहेर क्वचितच पडले. पण पंजाब मेलची वेळ झाली की कुणाची तरी वाट पाहत ते दार उघडून ठेवीत, असे गावात सांगतात. दिवसातून एकदा, ठरल्या वेळी. बाकीचा वेळ त्यांच्या कलेचा.

आता आपल्या खिशातल्या मेलकडे वळू. कुणी धाडलेला ई-मेल थेट आपल्या फोनात पडतो, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नसते. तो आधी सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकात जाऊन थांबतो. तिथून तो आपल्यापर्यंत येण्याच्या वाटा दोन. एक तर आपल्या फोनने ठरावीक वेळाने विचारायचे, 'काही आलंय का?' नाहीतर सर्व्हरनेच हाक मारायची. पहिली रीत म्हणजे पोस्टाच्या खिडकीशी हेलपाटे, दुसरी म्हणजे दारी येणारा पोस्टमन.

हेलपाट्यांचा हिशेब करून पाहा. दर 5 मिनिटांनी विचारायचे ठरवले, तर दिवसरात्रीत 288 खेपा होतात. तासाला एकदा म्हटले, तर अवघ्या 24. प्रत्येक खेपेला झोपलेला फोन जागा होतो, टॉवरशी बोलतो आणि बोलणे संपल्यावरही काही सेकंद जागाच राहतो. बॅटरी खाते ती ही जाग. मग पत्र असो वा नसो. डोंगराकडेच्या वस्तीवर जिथे रेंज क्षीण, तिथे फोनला जोरही अधिक लावावा लागतो. ज्याच्या शेतावर विजेचा भरवसा नाही, त्याला हा खर्च परवडेल का?

शिक्षकांचा खर्च निराळा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या कुश्लेव्ह आणि डन यांनी 124 प्रौढांवर केलेला एक प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. एक आठवडा मेल दिवसातून तीनदाच पाहायचा, दुसरा आठवडा वाटेल तितक्या वेळा. तीनदाच पाहण्याच्या आठवड्यात लोकांना ताण कमी जाणवला. मला याचे नवल वाटले नाही. फळ्यावर भागाकार अर्धा झालेला, तेवढ्यात टेबलावर फोन वाजतो. गुरुजींची नजर तिकडे गेली की साऱ्या वर्गाची जाते, आणि बाकी किती उरली हे कुणालाच सांगता येत नाही!

'पण वरून तातडीची माहिती मागवली तर?' असे तुम्ही म्हणाल. माझे मत स्पष्ट आहे. ज्याला तासाभरात उत्तर हवे, त्याने फोन करावा. सकाळी ई-मेल टाकून दुपारी जाब विचारायचा, हा दोष धाडणाराचा. त्यासाठी चौथीच्या मुलांचा तास का मोडावा?

तेव्हा सेटिंग पाहून घ्या. संगणकावरचे थंडरबर्ड आपण होऊन दर 10 मिनिटांनी विचारते. तो आकडा 60 करता येतो. आयफोनात 'फेच' या नावाखाली 15 मिनिटे, अर्धा तास, तास किंवा 'मॅन्युअली' असे पर्याय आहेत. अँड्रॉइडवरच्या जीमेलला मात्र सर्व्हरच हाक मारतो, म्हणून तिथे मिनिटे शोधत बसू नका. नोटिफिकेशन बंद करा म्हणजे झाले. पत्र कुठे जात नाही, ते सर्व्हरवर राहते. मधल्या सुट्टीत मेलची यादी बोटाने खाली ओढली, की तेवढ्यापुरती एक खेप होते आणि सकाळपासूनची सारी पत्रे एकदम हाती येतात.