पडद्यावरचा आकडा आणि पाहणारा डोळा

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



घाटकोपरमध्ये भाषण करणाऱ्याला अधूनमधून थांबावे लागते, कारण धावपट्टीकडे उतरणारी विमाने डोक्यावरून जातात. आज त्या विमानांपासूनच आरंभ करावा, असे आम्ही ठरविले आहे. वैमानिकासमोरच्या तबकड्यांचा आणि आपल्या अतिदक्षता विभागाचा काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येईल. तो संबंध आम्हांला गेल्या वर्षी एका रात्रीने शिकविला.

१ जानेवारी १९७८ ची रात्र येथील ज्येष्ठांना आठवत असेल. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान दुबईकडे जाण्यासाठी सांताक्रूझहून उडाले आणि अवघ्या १०१ सेकंदांत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. विमानातील २१३ जणांपैकी एकही वाचला नाही. कप्तानांच्या गाठीशी सुमारे १८,००० तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता.

मग झाले काय? विमान किती कलले आहे, हे दाखविणारे एक यंत्र वैमानिकासमोर असते. त्याला कृत्रिम क्षितिज म्हणता येईल. किनारा ओलांडल्यावर विमान उजवीकडे हलकेच वळले व पुन्हा सरळ झाले. परंतु कप्तानांसमोरचे यंत्र ते उजवीकडेच कललेले दाखवीत राहिले. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र. डोळ्यांना खरे क्षितिज दिसेना. अशा वेळी शरीराची तोल सांभाळणारी जाणीवही फसवते. कप्तानांनी डोळ्यांसमोरच्या यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळविले आणि ते वळवीतच राहिले. सहवैमानिकांनीही आपले यंत्र बिघडल्याचे सांगितले. विमान-अभियंत्यांनी दुसऱ्या यंत्राकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला, पण तोवर वेळ संपली होती. इतर यंत्रांचा पडताळा घेऊन विमानाची खरी स्थिती ओळखता आली नाही, असा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रोकडवही आणि बँकेचे पासबुक जुळले नाही, की आम्ही तिसरा कागद मागवितो आणि चूक शोधतो. त्यासाठी आमच्यापाशी सबंध दुपार असते. त्या तिघांपाशी मोजके सेकंद होते.

अशा प्रसंगी ‘चूक माणसाची’ असे म्हणून वही मिटणे सोपे असते. काही अभ्यासकांनी मात्र ती मिटू दिली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यंत्रे वाचताना वैमानिकांच्या हातून झालेल्या २७० चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंची दाखविणाऱ्या तबकडीवर तीन काटे असत. घाईत एक काटा दुसऱ्यासारखा वाचला, की हजार फुटांची किंवा त्याहूनही मोठी चूक होई. अशा चुका नवशिक्यांच्याच नव्हत्या, अनुभवी वैमानिकांच्याही होत्या. चांगल्या माणसांच्या हातून पुन्हापुन्हा तीच चूक होत असेल, तर दोष तबकडीच्या घडणीत शोधावा, हा विचार अशा अभ्यासांतून दृढ झाला.

विमानांत त्यातून एक शिस्त रुजली. कृत्रिम क्षितिज मध्यभागी, वेग डावीकडे, उंची उजवीकडे आणि दिशा खाली. आज तबकड्यांच्या जागी पडदे आले, तरी ही मांडणी कायम आहे. वैमानिकाने विमान बदलले, तरी त्याच्या डोळ्यांना नवी वाट शोधावी लागत नाही.

योगायोग असा, की वांद्र्याच्या अपघाताच्याच वर्षी, १९७८ मध्ये, अमेरिकेतील जेफ्री कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न रुग्णालयात विचारला. भूलतज्ज्ञांच्या ४७ मुलाखतींतून त्यांनी टाळता येण्याजोग्या ३५९ घटना जमविल्या. त्यांतील ८२ टक्के घटनांत माणसाची चूक होती. उघड यंत्रबिघाड केवळ १४ टक्के. श्वासाची नळी निसटणे, वायूचा प्रवाह नकळत बदलणे, एका औषधाऐवजी दुसऱ्याची सिरिंज हाती येणे, अशा त्या चुका होत्या. त्यांपैकी अनेकींच्या मागे यंत्राची सदोष रचना आणि यंत्राशी अपुरा परिचय असल्याचे त्यांनी नमूद केले.

आता आपल्या रुग्णालयाविषयी. आपल्या अतिदक्षता विभागात दहा खाटा आहेत आणि त्यांवर चार निरनिराळ्या बनावटींचे मॉनिटर आहेत. एकावर नाडीचा आकडा वर असतो, तर दुसऱ्यावर त्याच जागी रक्तातील प्राणवायूचे प्रमाण. रंगही निराळे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री एका सिस्टरांना ऐनवेळी दुसऱ्या बाजूच्या खाटा सांभाळाव्या लागल्या. एका वृद्ध रुग्णेच्या पडद्यावर त्यांनी ९६ हा आकडा पाहिला आणि प्राणवायू ठीक असल्याचे समजून त्या पुढे गेल्या. तो आकडा नाडीचा होता. प्राणवायू ८२ वर उतरला होता. बोटावरचा चिमटा वारंवार निसटून घंटा वाजत असल्याने ती काही वेळापुरती बंद ठेवलेली होती. लादी पुसणाऱ्या मावशी थबकल्या आणि म्हणाल्या, “सिस्टर, आजींचे ओठ निळे दिसतायत हो.” सिस्टरांनी पडदा सोडून आजींकडे पाहिले. प्राणवायूचा मास्क सरकला होता. तो तत्काळ नीट बसविला, डॉक्टर आले आणि आजी वाचल्या. दहाव्या दिवशी त्या नातवाचा हात धरून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांच्या नावे ‘कारणे दाखवा’ नोटीस आमच्या मेजावर सहीसाठी आली. सही करण्यापूर्वी आम्ही त्यांना म्हटले, “सिस्टर, नेमके काय झाले ते आम्हांला दाखवा.” दोन्ही खाटांपाशी उभे राहून आम्ही आकडे वाचले आणि दुसऱ्या पडद्यावर आम्हीही नाडीलाच प्राणवायू म्हटले. भरदिवसा, निवांत उभे राहून. ती नोटीस आम्ही फाडली.

ही कबुली येथे देणे आमचे कर्तव्य आहे. हे मॉनिटर आपल्यापैकी अनेकांनी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिले. त्यांनी शेकडो रुग्णांची राखण केली आहे. दोष देणाऱ्यांचा नाही. निविदा उघडताना आम्ही किंमत पाहिली, हमीची मुदत पाहिली; रात्री तीन वाजता थकलेला डोळा तो पडदा कसा वाचील, हे पाहिले नाही. हिशेब जुळला, पण एक रकाना आम्ही मांडलाच नव्हता.

त्यानंतर एकाच बनावटीचे मॉनिटर आम्ही शेजारशेजारच्या खाटांवर आणले. जेथे शक्य होते तेथे आकड्यांचे रंग एकसारखे करून घेतले. बंद केलेली घंटा पुन्हा सुरू झाल्याची नोंद नोंदवहीत होऊ लागली. मावशी, वॉर्डबॉय किंवा नातेवाईक, कोणीही शंका व्यक्त केली, की सिस्टरांनी प्रथम रुग्णाकडे पाहावे, असा नियम केला. तरीही खरा उपाय एकच आहे. दहाही खाटांवर एकाच मांडणीचे मॉनिटर हवेत, आणि खरेदीपूर्वी ते आपल्या परिचारिकांनी रात्रपाळीत वापरून पाहिलेले हवेत.

म्हणून यंदा आमची विनंती नेहमीपेक्षा निराळी आहे. कृपया आपल्या पसंतीचे एक यंत्र देऊ नये. या सामायिक निधीत आपला वाटा द्यावा. यंत्रावर स्वतंत्र नामफलक लागणार नाही, याची आम्हांला जाणीव आहे. आपल्या प्रियजनांची नावे विभागाच्या प्रवेशद्वारी एकाच फलकावर, देणगीच्या रकमेविना, कोरली जातील. रुग्णांच्या आप्तांनाही विनंती, की काही वेगळे दिसले तर संकोच न करता बोलावे.

त्या मावशी आज या सभागृहात शेवटच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचे आणि आपणां सर्वांचे आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत.