साक्ष चुकली, म्हणजे खोटी ठरली का?

जाफराबाद तालुक्यात बांधाचा किंवा वाटणीचा दावा उभा राहिला, की शेजारी-भाऊबंद साक्षीला जातात. उलटतपासणीत एखादं साल चुकतं आणि मनात धास्ती बसते, आता गुन्हा दाखल होईल का?

न्यायालयात हेतुपुरस्सर खोटी साक्ष दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ नुसार ७ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण बोलणं खोटं आहे हे साक्षीदाराला ठाऊक होतं, किंवा ते खरं असल्याचा त्याला विश्वास नव्हता, हे सिद्ध व्हावं लागतं. विस्मरण, प्रश्नाचा गैरसमज, प्रामाणिक अंदाज हे त्याचे खरे बचाव.

दुसरं संरक्षण कार्यपद्धतीचं. विरुद्ध पक्षकार हा खटला थेट भरू शकत नाही. लेखी तक्रार न्यायालयाकडूनच यावी लागते. खोटेपणा जाणीवपूर्वक असेल आणि शिक्षेची वाजवी शक्यता असेल तरच खटला चालवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये छाजू राम प्रकरणात बजावलं. तक्रारीच्या आदेशावर अपीलही करता येतं.

म्हणून साक्षीचं शपथपत्र पूर्ण वाचून, समजून घेऊनच सही करा. आठवत नसेल तर तसं स्पष्ट सांगा.